इशारा आधीच आलेला असतो, मग धडा विमान पडल्यावरच का?

उत्तररात्र (धागाकर्ता)

"विमानवाहतुकीतला प्रत्येक नियम रक्ताने लिहिलेला आहे." विमान अपघाताचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं, आणि म्हणणाऱ्याच्या आवाजात थोडा अभिमान असतो, की बघा, हे क्षेत्र चुकांमधून कसं शिकतं! मला त्या अभिमानाबद्दलच बोलायचं आहे. गेली काही वर्षं मी अपघातांबद्दल मिळेल ते वाचतोय आणि एक गोष्ट मला अस्वस्थ करते. धडा बऱ्याचदा अपघाताच्या आधीच येऊन गेलेला असतो. तेव्हा कोणी मेलेलं नसतं, म्हणून तो कोणी मनावर घेत नाही.

एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो. १२ जून १९७२. अमेरिकन एअरलाइन्सचं डीसी-१० विमान डेट्रॉइटहून उडालं आणि कॅनडातल्या विंडसर शहरावर असताना त्याचं मागचं कार्गोचं दार उडून गेलं. खालच्या कप्प्यातली हवा क्षणात बाहेर गेली, वरच्या केबिनमधला दाब तसाच राहिला आणि केबिनची जमीन खाली खचली. शेपटीकडे जाणाऱ्या कंट्रोलच्या केबल त्याच जमिनीखालून जातात. त्या अडकल्या, काही तुटल्या. कॅप्टन ब्राइस मॅकॉर्मिक यांनी इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान परत डेट्रॉइटला उतरवलं. विमानात ६७ जण होते, सगळे वाचले.

दोन आठवड्यांनी कॉनव्हेअर या कंपनीतले अभियंते डॅन ॲपलगेट यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं, की ही दारं पुढच्या काळात पुन्हा उघडणार आणि तेव्हा बहुधा विमान हातचं जाणार. (डीसी-१० चा सांगाडा आणि ही दारं कॉनव्हेअर बनवत होती.) चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी सरकारी मंडळानेही सांगितलं होतं की लॉक बदला आणि केबिनच्या जमिनीत हवा निसटायला झरोके ठेवा. पण एफएए या अमेरिकी हवाई नियामक संस्थेच्या प्रमुखांनी आणि हे विमान बनवणाऱ्या डग्लस कंपनीच्या अध्यक्षांनी फोनवर आपापसात ठरवलं आणि सक्तीचा आदेश निघालाच नाही. सक्ती नसलेल्या सर्व्हिस बुलेटिनवर भागवलं गेलं. ३ मार्च १९७४ ला टर्किश एअरलाइन्सचं डीसी-१० पॅरिसजवळ एर्मनॉनव्हिलच्या जंगलात कोसळलं. तेच दार, तशीच खचलेली जमीन, त्याच केबल. ३४६ माणसं गेली.

त्या दारावर एक छोटी काच होती. लॉकच्या पिना नीट बसल्या आहेत का, हे त्यातून दिसायचं. शेजारी सूचना होती, इंग्रजीत आणि तुर्कीत. दार लावणाऱ्या कामगाराला या दोन्ही भाषा वाचता येत नव्हत्या. हँडल बसलं की दार लागलं, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. आणि त्या दिवशी हँडल बसलं होतं.

दुसरं उदाहरण अलीकडचं. २८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री लायन एअरचं बोइंग ७३७ मॅक्स बालीहून जकार्ताला निघालं. एका सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावर विसंबून एमकॅस ही यंत्रणा नाक खाली दाबत राहिली. कॉकपिटमध्ये जादा बसलेल्या तिसऱ्या वैमानिकाच्या मदतीने नाक वरखाली करणाऱ्या ट्रिमचे स्विच बंद केले गेले आणि विमान पोचलं. लॉगबुकात वेग आणि उंचीचे आकडे जुळत नाहीत अशी नोंद झाली. कंट्रोलची दांडी सतत थरथरत होती आणि स्विच बंद करावे लागले, हे त्यात आलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान १८९ जणांसह जावा समुद्रात पडलं.

त्यानंतर एफएएने स्वतःच हिशेब मांडला होता, की काहीच केलं नाही तर या प्रकारच्या विमानांच्या सगळ्या आयुष्यात असे १५ पर्यंत अपघात होऊ शकतील. तरी विमानं उडतच राहिली. १० मार्च २०१९ ला इथिओपियात तसंच विमान पडून १५७ जण गेले. १८९ आणि १५७ मिळून पुन्हा ३४६ होतात. तो आकडा दिसला तेव्हा मी वाचणं थांबवून बराच वेळ नुसता बसून होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. "अपघातातून शिकतो" हे कौतुक बंद करा. शिकण्यासाठी लागणारं सगळं आधीच हातात होतं. प्रेतं मोजल्याशिवाय निर्णय होत नाही, ही या क्षेत्राची लाज आहे. तुम्हाला काय वाटतं?

मेघमल्हार

लेख मनापासून लिहिला आहे, पण मी पूर्णपणे असहमत आहे.

घडून गेल्यावर मागे वळून पाहिलं की प्रत्येक अपघाताची चिठ्ठी सापडते. अडचण अशी, की त्या दिवशी टेबलावर तशा हजारो चिठ्ठ्या असतात. अमेरिकेत एफएएच्या पैशावर नासा एक योजना चालवते. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ, कोणीही आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग तिथे कळवू शकतो, नाव उघड होत नाही. १९७६ पासून तिथे २० लाखांहून जास्त अहवाल आले आहेत. यातला कुठला अहवाल उद्या माणसं मारणार आहे, हे आज सांगा! मॅक्सच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे, तिथे आकडा समोर होता. पण एका उघड्या अन्यायावरून सगळ्या क्षेत्रावर शिक्का मारू नका.

काही धडे आधी येतच नाहीत. कॉमेट हे सुरुवातीचं प्रवासी जेट विमान घ्या. जानेवारी १९५४ मध्ये एक कॉमेट एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं. एप्रिलमध्ये दुसरं नेपल्सजवळ. शेवटी इंग्लंडमधल्या फार्नबरोला एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि आत पाणी दाबून, सोडून, पुन्हा दाबून उड्डाणांची नक्कल करत राहिले, तेव्हा पत्रा कुठून फाटतो ते दिसलं. धातू थकतो हे माहीत होतं, पण दाबाखालच्या केबिनमध्ये तो इतक्या लवकर थकेल हे बनवणाऱ्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी चाचण्याही केल्या होत्या. चाचणीच्या नमुन्यावर आधीच जास्त दाब दिल्यामुळे तो उलट अधिक टिकला आणि खोटा धीर मिळाला. इथे कोणी चिठ्ठी दाबलेली नाही. अज्ञान होतं, आणि ते प्रामाणिक होतं.

उत्तररात्र

कॉमेटचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही. पहिल्या अपघातानंतर विमानं जमिनीवर ठेवली, कारण सापडलं नाही, अंदाजाने बरेचसे बदल केले आणि मार्चअखेर पुन्हा प्रवासी भरून उडवली. दुसरा अपघात त्यानंतर जेमतेम पंधरा दिवसांनी झाला. अज्ञान प्रामाणिक असेल, पण कारण माहीत नसताना उडवण्याचा निर्णय जाणतेपणीच घेतला गेला.

आणि ज्या नासाच्या योजनेचा तुम्ही दाखला देता, ती कशी जन्मली तेही सांगायला हवं होतं. १ डिसेंबर १९७४, वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारं टीडब्ल्यूए ५१४ डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेड या कंपनीच्या वैमानिकांनी त्याच मार्गावर उंचीच्या परवानगीचा तसाच चुकीचा अर्थ लावला होता आणि ते थोडक्यात वाचले होते. त्यांनी कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. दुसऱ्या कंपनीच्या कॉकपिटपर्यंत ती गोष्ट जायला वाटच नव्हती.

मेघमल्हार

बरोबर, आणि मग ती वाट बांधली गेली! यालाच तर शिकणं म्हणतात.

रिव्हेट

मी विमान देखभालीत बावीस वर्षं काम करतोय, त्यामुळे इथे लिहितोच. टोपणनावाचं कारण आधी सांगतो. १९७८ मध्ये जपान एअरलाइन्सच्या एका ७४७ ची शेपटी ओसाकाला उतरताना घासली. मागच्या दाबभिंतीची (केबिनमधली हवा धरून ठेवणाऱ्या भिंतीची) दुरुस्ती झाली. जोडपट्टी एक सलग हवी होती, ती दोन तुकड्यांत बसवली गेली, आणि जो भार पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या दोन ओळींनी घ्यायचा तो एकाच ओळीवर आला. वरून पाहिलं तर जोड व्यवस्थित दिसायचा. सात वर्षं विमान उडालं. १२ ऑगस्ट १९८५ ला भिंत फाटली, शेपटीचा उभा पंखा आणि हायड्रॉलिक्स (विमान वळवणारी तेलदाबाची यंत्रणा) गेले, ५२० माणसं मेली, चौघी वाचल्या. रिव्हेटची ओळ मोजताना आजही माझा हात सावकाश चालतो.

आता मूळ मुद्दा. उत्तररात्र, तुम्ही म्हणता इशारे होते, दुर्लक्ष झालं. मी म्हणतो, निम्मे इशारे कागदावर येतच नाहीत, कारण कळवणाऱ्याला भीती वाटते. माझाच अनुभव सांगतो. उमेदवारीच्या काळात रात्रपाळीला पंखाखालचं एक पॅनल बंद करून मी सही केली. घरी पोचल्यावर कपडे बदलताना लक्षात आलं, की खिशात सॉकेटचा सेट आहे आणि त्यातलं एक सॉकेट नाही. पहाटेचे चार वाजले होते, विमान सहाला निघणार होतं. फोन हातात घेतला आणि खरं सांगतो, पाच मिनिटं नंबर लावला नाही. नोकरी जाईल हाच विचार होता. शेवटी लावला. विमान थांबवलं, पॅनल उघडलं, सॉकेट आतल्या कंट्रोल रॉडच्या शेजारी पडलेलं सापडलं.

मला मेमो मिळाला, दोन वर्षं बढती अडली. त्यात माझी चूक होतीच, मी ती नाकारत नाही. पण त्यानंतर आमच्या पाळीत कोणी स्वतःहून काही कळवलं नाही. चुका थांबल्या नव्हत्या, फक्त ऐकू यायच्या थांबल्या.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय करारात, आयकाओ या जागतिक हवाई वाहतूक संघटनेच्या १३ व्या परिशिष्टात, स्पष्ट लिहिलं आहे की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं एवढाच आहे, दोष किंवा जबाबदारी वाटणं हा नाही. २००२ मध्ये जर्मनीतल्या यूबरलिंगनवर दोन विमानं आदळली. ७१ मृत्यू, त्यात ५२ मुलं. झुरिकच्या हवाई नियंत्रण कक्षात त्या रात्री एक नियंत्रक एकटा दोन टेबलं सांभाळत होता, सहकारी विश्रांतीला गेलेला, टेलिफोनची मुख्य यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद. टीकॅस, म्हणजे धडक टाळायला विमानातच बसवलेली यंत्रणा, एका विमानाच्या वैमानिकांना वर जा म्हणत होती, नियंत्रक खाली या म्हणाला, ते खाली आले. दोन वर्षांच्या आत मुलं गमावलेल्या एका बापाने त्या नियंत्रकाला त्याच्या घरी जाऊन भोसकलं. त्या बापाच्या दुःखापुढे मी काय बोलणार? पण सगळ्यांचा राग जाऊन पोचला तो खुर्चीत बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत. त्याला एकटं बसवणाऱ्या व्यवस्थेपर्यंत तो गेला नाही.

वसुधा_प

रिव्हेट, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला. फोन लावलात, त्याबद्दल आदरच आहे. तरी "दोष वाटायचा नाही" या तत्त्वावर मला तीव्र आक्षेप आहे, कारण त्याच्या छत्रीखाली भलतेच लोक येऊन उभे राहतात.

तुम्ही सॉकेट विसरलात, ती चूक. ज्यांनी एमकॅसबद्दल वैमानिकांच्या मॅन्युअलमधून उल्लेख गाळला, ती चूक नव्हे, तो निर्णय. बोइंगने २०२१ मध्ये २५० कोटी डॉलरच्या समझोत्यावर खटला पुढे ढकलून घेतला. फौजदारी खटला चालला तो एका टेक्निकल पायलटवर, आणि ज्युरीने २०२२ मध्ये त्याला निर्दोष सोडलं. ३४६ माणसांच्या घरच्यांनी हे बघायचं आणि वर "आम्ही धडा घेतला" हे ऐकायचं?

आणि यूबरलिंगनची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने त्या नियंत्रण कंपनीतल्या चौघांना निष्काळजीपणामुळे झालेल्या मनुष्यवधाबद्दल दोषी धरलं. रात्री एकाच माणसावर भागवायची पद्धत ज्यांनी चालू दिली, त्यांच्याकडे बोट न्यायालयाने दाखवलं. चौकशी समितीने शिकावं, न्यायालयाने जाब विचारावा. दोन्ही हवं. जाब विचारला नाही तर वरच्या मजल्यावर कोणी शिकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

अवांतर: त्या धडकेच्या १७ महिने आधी, ३१ जानेवारी २००१ ला, जपानच्या आकाशात अगदी हाच गोंधळ झाला होता. टीकॅस एक सांगतंय, नियंत्रक उलट. दोन विमानांत मिळून ६७७ माणसं, थोडक्यात वाचली. दोन्ही सूचना परस्परविरोधी असतील तर टीकॅसचंच ऐकायचं, हा जगभरचा नियम नि:संदिग्ध शब्दांत आला तो यूबरलिंगननंतर. उत्तररात्र यांच्या यादीत हे पहिल्या क्रमांकावर जायला हवं.

रिव्हेट

वसुधाताई, चूक आणि निर्णय हा फरक मान्य. पण सहीचा कागद हातात असताना तो फरक ठरवतो कोण? माझ्या वेळी तो वरिष्ठांनी ठरवला, आणि त्यांनी स्वतःला निर्णयाच्या बाजूला कधीच ठेवलं नाही.

मेघमल्हार

आणखी एक धोका कोणी मांडलेला नाही. घाईत घेतलेला धडा स्वतःच माणसं मारू शकतो.

११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटची दारं बाहेरून फोडता येणार नाहीत अशी भक्कम केली. तो धडा त्या घडीला सगळ्यांना स्वयंस्पष्ट वाटला. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जचा कॅप्टन दोन मिनिटांसाठी बाहेर गेला आणि सहवैमानिकाने आतून दार लॉक करून विमान मुद्दाम खाली नेलं. व्हॉइस रेकॉर्डरवर दार ठोठावल्याचे, मग ते फोडायचा प्रयत्न केल्याचे आवाज आहेत. दार टिकलं. ते टिकण्यासाठीच बनवलं होतं. १५० जण आल्प्समध्ये गेले.

दुसरं उदाहरण बफेलोजवळच्या कोलगन ३४०७ या उड्डाणाचं, फेब्रुवारी २००९, ५० मृत्यू. त्यातून अमेरिकेत नियम आला की एअरलाइनमध्ये सहवैमानिक व्हायलाही साधारणपणे १५०० तास उड्डाण हवं. त्या विमानातल्या दोघांचेही १५०० पेक्षा जास्त तास झालेले होते! खरे प्रश्न थकवा, रोस्टर आणि स्टॉलचं (पंखांचा उठाव सुटतो त्या अवस्थेचं) प्रशिक्षण हे होते. त्यावरही काम झालं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो गोल आकडा. म्हणून मी म्हणतो, इशारा आला की लगेच आदेश काढा ही मागणी वाटते तितकी निरुपद्रवी नाही.

उत्तररात्र

जर्मनविंग्जचा मुद्दा मला आत लागला. त्यावर माझ्याकडे चटकन उत्तर नाही. पण डीसी-१० चं दार सुधारल्याने कोणता दुष्परिणाम होणार होता? केबिनच्या जमिनीत झरोके ठेवल्याने कोण मरणार होतं? तुमचा सावधपणा जिथे लागू आहे तिथे तो असू द्या. १९७२ ते १९७४ च्या त्या एकवीस महिन्यांना तो लावू नका.

पहिलाप्रवास

मी या विषयात नवखी आहे, पण सगळं वाचतेय. एक साधा प्रश्न. कॉकपिटमध्ये दोन माणसं असतात. एकाला चूक दिसत असेल तर तो बोलत का नाही? जीव तर त्याचाही असतो ना?

डावीसीट

तुमचा प्रश्न साधा वाटतो, पण आमच्या व्यवसायातला सगळ्यात अवघड प्रश्न तोच आहे. मी वैमानिक आहे, आधी उजव्या, सहवैमानिकाच्या सीटवर होतो, आता डाव्या, कॅप्टनच्या.

स्पेनचं तेनेरीफ बेट, २७ मार्च १९७७. धुकं, केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन ७४७ एकाच धावपट्टीवर. केएलएमचं विमान धावायला लागलेलं. रेडिओवर अर्धवट ऐकू आलेल्या शब्दांवरून फ्लाइट इंजिनिअरला शंका आली आणि त्याने विचारलं, "ते पॅन ॲम अजून बाजूला झालेलं नाही का?" कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालंय. कॅप्टन म्हणजे कंपनीतला ७४७ चा प्रमुख प्रशिक्षक. इंजिनिअर गप्प बसला. काही सेकंदांत धडक, ५८३ मृत्यू. त्या माणसाचं वाक्य पुन्हा वाचा. त्याने शंका प्रश्नाच्या रूपात मांडली. दटावलं जाऊ नये म्हणून धाकटा माणूस असंच बोलतो. मीही असाच बोलायचो.

फक्त कॉकपिटच नाही. ८ जानेवारी १९८९, इंग्लंडमधलं केगवर्थ. डाव्या इंजिनचं पातं तुटलं, वैमानिकांनी चुकून चांगलं चालणारं उजवं इंजिन बंद केलं. योगायोगाने त्याच वेळी थरथर कमी झाली, त्यामुळे त्यांना वाटलं बरोबर केलं. कॅप्टनने प्रवाशांना सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड आहे. मागे बसलेल्या कित्येकांनी डाव्या इंजिनातून ठिणग्या आणि ज्वाळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. घोषणा ऐकून ते चक्रावले. बोललं कोणी नाही. कॅप्टन म्हणतो म्हणजे त्याला जास्त कळत असणार. ४७ जण गेले.

तेनेरीफ आणि तशा इतर अपघातांनंतर जे प्रशिक्षण सुरू झालं त्याला सीआरएम म्हणतात. कॉकपिटमधल्या प्रत्येकाने बोलायचं आणि कॅप्टनने ऐकायचं, याचा तो सराव असतो. त्याच केगवर्थच्या वर्षी, १९ जुलैला, युनायटेड २३२ चे सगळे हायड्रॉलिक्स गेले. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांमधून पुढे आलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाच्या हातात थ्रॉटल (इंजिनांचा जोर ठरवणाऱ्या दांड्या) दिले आणि चौघांनी मिळून विमान सू सिटीपर्यंत आणलं. ११२ गेले, १८४ वाचले. हेन्स शेवटपर्यंत सांगत राहिले की श्रेय त्या प्रशिक्षणाचं. उत्तररात्र, हे १८४ लोक तुमच्या हिशेबात कुठे आहेत? तुम्ही फक्त चुकलेले धडे मोजताय. लागू पडलेल्या धड्यांची बातमी होत नाही, कारण विमान वेळेवर उतरतं आणि लोक बॅगा घेऊन घरी जातात.

उत्तररात्र

तुमचा मुद्दा प्रामाणिकपणे मान्य करतो, ते १८४ मी मोजले नव्हते.

पण आता तुम्हालाच विचारतो. २२ मे २०१० ला मंगळूरला टेबलटॉप (डोंगरमाथा सपाट करून केलेल्या) धावपट्टीवरून विमान दरीत गेलं, १५८ मृत्यू. सहवैमानिकाने गो-अराउंड करा (उतरणं सोडून परत वर जा) असं सांगितलं होतं, कॅप्टनने उतरवणं चालूच ठेवलं. ७ ऑगस्ट २०२० ला कोळीकोडला, पुन्हा टेबलटॉप, पाऊस, विमान जवळजवळ अर्धी धावपट्टी संपल्यावर टेकलं. चौकशी अहवालात पुन्हा तेच. सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटलं, ऐकलं गेलं नाही. २१ मृत्यू. मधे दहा वर्षं होती. सीआरएमचे वर्ग रीतसर चालू असणार, हजेरीपटावर सह्याही असणार. मग?

डावीसीट

यावर बचाव करणार नाही. गो-अराउंडचा शब्द कानावर पडला की उडवणाऱ्याने वाद न घालता वर जायचं, हे आम्हाला पाठ आहे. तरी फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनचा आकडा सांगतो, की उतरण्याची तयारी बिघडलेली असताना शंभरातल्या सुमारे तीनच वेळा गो-अराउंड केलं जातं. बाकीच्या सत्त्याण्णव वेळा विमान उतरतं, बहुतेकदा सुखरूप. आणि तेच घातक आहे. प्रत्येक सुखरूप उतरण्याने मनात बसतं की निभावतं. सिम्युलेटरमध्ये मी धाकट्या सहकाऱ्यांना सांगतो, मला "सर" म्हणून वाक्य सुरू करू नका, आधी आकडा सांगा. वेग इतका जास्त, उंची इतकी जास्त, गो-अराउंड. "सर" म्हणताना एक सेकंद जातो आणि आवाज खाली येतो.

वसुधा_प

आधीच्या मुद्द्याला जोडून. २ जानेवारी २०२४, टोकियोचा हानेदा विमानतळ. उतरणारं जपान एअरलाइन्सचं एअरबस ए३५० धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. घोषणायंत्रणा बंद पडली, कर्मचाऱ्यांनी मेगाफोन आणि घसा वापरला, आठपैकी तीनच दारं वापरण्याजोगी होती, आणि ३७९ च्या ३७९ जण बाहेर आले. सामान घेतलं नाही. ही तीच कंपनी, जिने १९८५ च्या अपघातातले अवशेष जपून ठेवले आहेत आणि ते आपल्या कर्मचाऱ्यांना दाखवते. डावीसीट म्हणतात ते खरं आहे.

पण दुसऱ्या विमानातले सहापैकी पाच जण गेले. ते भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाले होते. नियंत्रकाने त्यांना "नंबर वन" म्हटलं होतं, म्हणजे रांगेत पहिले. धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली असा त्यांचा समज झाला. तेनेरीफनंतर जगभर ठरलं होतं की "टेकऑफ" हा शब्द खऱ्या परवानगीशिवाय उच्चारायचा नाही. एका शब्दापुरता धडा घेतला, दुसरा शब्द तसाच राहिला. नियंत्रकाच्या पडद्यावर धावपट्टी अडल्याचा इशाराही येत होता. पण त्या पडद्याकडे सतत बघणं हे कोणाचं काम म्हणून ठरलेलं नव्हतं. अपघातानंतर काही दिवसांतच त्यासाठी माणूस नेमला गेला आणि "नंबर वन" म्हणणं त्या वेळी बंद केलं गेलं.

मेघमल्हार

वसुधाताई, हे उदाहरण मला निरुत्तर करतं. पडद्यावर इशारा येत होता, म्हणजे तो चिठ्ठ्यांच्या ढिगात हरवलेलाही नव्हता. एक खुर्ची मांडायची बाकी होती.

पहिलाप्रवास

रिव्हेट, एक विचारू का? त्या सॉकेटनंतर पुढे काय झालं? म्हणजे तुमच्या मेमोचं नाही, कामाच्या पद्धतीचं.

रिव्हेट

तिथे काही झालं नाही. चार वर्षांनी मी नोकरी बदलली. नव्या ठिकाणी पहिल्याच महिन्यात माझ्या हाताखालच्या मुलाचा टॉर्च हरवला. तो रडवेला होऊन माझ्याकडे आला. मी त्याला घेऊन इन-चार्जकडे गेलो, छातीत धडधडत होतं. त्यांनी त्याला आधी बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "शेवटचा हातात कधी होता?" विमान अडीच तास थांबलं. टॉर्च इंजिनच्या झाकणाच्या कडेला सापडला.

पुढच्या आठवड्यात हत्यारं ठेवायचा फळा बदलला. प्रत्येक पान्याची, सॉकेटची, टॉर्चची आकृती फोममध्ये कापून त्याच्या तळाला लाल रंग दिला. एखादी वस्तू जागेवर नसेल तर दारातूनच लाल दिसतं. पाळी संपताना सहीच्या आधी त्या फळ्यासमोर दोघांनी उभं राहायचं, एकट्याने नाही. त्या मुलाचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं. आता तो स्वतः इन-चार्ज आहे, आणि लाल रंग फिका पडला की दर वर्षी तोच डबा घेऊन बसतो.